नळाला दिलेलं अर्थिंग

टेलरबाईंना सवत होती, आणि ही गोष्ट त्या स्वतःच चारचौघांत सांगत. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ती आधीच कोपऱ्यातल्या टेबलावर ठाण मांडून बसलेली. काळीकभिन्न, सदा खरखरणारी, नवऱ्याचे दोन्ही कान आपल्या ताब्यात ठेवणारी. हौशी रेडिओचा संच. आता तुम्ही म्हणाल, रेडिओचं एवढं काय कौतुक? पण हा नुसता ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. परीक्षा देऊन परवाना काढायचा, घराबाहेर लांबलचक तार टांगायची आणि जगभरातल्या आपल्यासारख्याच खुळ्यांशी गप्पा हाणायच्या. त्याही तोंडाने नाही, तर एक पितळी कळ बोटांनी दाबून, कट्ट कडकट्ट करत.

नवरा पेशाने घड्याळजी, पण घराभोवती तारांचा असा पसारा की लोक त्यांना तारवालेच म्हणत. माणूस अतिशय शांत. एकदा टेलरबाईंनी गिऱ्हाइकाचे ओले फ्रॉक त्यांच्या तारेवर वाळत घातले होते, तेव्हा मात्र हा शांत माणूस असा बोंबलत बाहेर आला की शेजारीपाजारी गोळा झाले. त्यावरून टेलरबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता. आज कुणी त्यांना तसा एक ओरडा ऐकवला असता, तर त्यांनी घरातले सगळे कपडे त्या तारेवर नेऊन टाकले असते.

कारण तारवाल्यांचा आवाज गेला होता. घसा बसतो तसा नाही, कायमचा. गळ्यात गाठ निघाली, डॉक्टरीणबाईंनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि माणूस वाचवला. टेलरबाई त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार विसरल्या नाहीत आणि विसरणारही नाहीत. आवाज गेला तर गेला, माणूस समोर जेवायला बसतोय ना, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि ते खरंही होतं. पण दुपारी मशीनवर एकट्या बसल्या की त्यांच्या लक्षात येई, या घरात आता ‘अगं’ म्हणणारं कुणी उरलं नाही. हाक मारायची तर तारवाले टेबलावर टकटक करत. ती टकटक ऐकून त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी काय दार आहे का, असं त्या म्हणत, आणि मग आत जाऊन मुकाट्याने डोळे पुसत.

बोलायला एक यंत्र मिळालं होतं. गळ्याला लावायचं, ते गुरगुरायचं आणि त्यातून शब्द निघायचे. तारवाल्यांनी ते एकदाच लावून पाहिलं, स्वतःचंच नाव उच्चारलं, ऐकलं आणि यंत्र खणात टाकलं. पाटीवर लिहिलं, ‘हा मी नाही.’ तेव्हापासून सगळं बोलणं पाटीवर, आणि पाटीवर माणूस किती बोलणार? मीठ कमी आहे. औषध घेतलं. कुणी आलं होतं का? संसार त्या तीन वाक्यांवर आला.

तपासण्यांसाठी सारखं जावं लागे म्हणून दोघांनी जुनं अंगणवालं घर सोडून दवाखान्याजवळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याची जागा घेतली होती. सामान लागलं, मशीन लागलं आणि शेवटी रेडिओही टेबलावर आला. कळ दाबायला काही घसा लागत नाही. त्यामुळे टेलरबाईंना वाटलं, चला, आता हे पुन्हा बोलायला लागतील. रोज सकाळी आकाशात यांचा कट्टा भरायचा. कुठकुठले चारपाच जण ठरल्या जागी जमायचे. त्यात एक कप्तान म्हणून होता, बोटीवर नोकरी केलेला, समुद्रापलीकडचा. त्याचं तोंड यांनी कधी पाहिलं नव्हतं की आवाज कधी ऐकला नव्हता, पण त्याच्या गुडघ्याच्या दुखण्यापासून त्याच्या सुनेच्या स्वभावापर्यंत सगळं टेलरबाईंनाही पाठ होतं.

पण नव्या जागेत रेडिओ काही लागेना. तारवाल्यांनी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला आणि एका सोमवारी पाटी पुढे केली. ‘कॉलेजला देऊन टाकू. फोन कर.’

टेलरबाईंनी फोन केला. नवऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून केला. पलीकडचे प्रयोगशाळेचे सर इतके खूश झाले की लगेच म्हणाले, रविवारी सकाळी येऊन घेऊन जातो. फोन ठेवला आणि मग बाईंच्या ध्यानात आलं. पितळी कळ गेली की या माणसाकडे उरणार काय? ती पाटी. मीठ कमी आहे आणि औषध घेतलं.

बाईंनी आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. सवतीची वकिली केली. नवऱ्यापुढे बसून सांगितलं, “रविवारपर्यंत वेळ आहे. तोवर रोज सकाळी एकदा बसायचं. नाही जमलं तर मी स्वतः उचलून त्यांच्या गाडीत ठेवीन.” तारवाल्यांनी मान हलवली, पण ती नुसती बायकोचा शब्द राखायला. डोळ्यांत काही नव्हतं.

तार नव्याने टांगायची ठरली. खिडकीतून निघून समोर खाली, तळमजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांच्या अंगणातल्या झाडापर्यंत. काकांनी जन्मभर बस चालवलेली, आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती. इमारतीतले लोक त्यांना पाहून जिना बदलायचे. तारवाले मात्र पळत नसत, मध्ये बोलत तर नसतच, त्यामुळे काकांचा त्यांच्यावर भारी जीव. झाडाला तार बांधू का, असं टेलरबाईंनी चाचरत विचारलं, तर काका स्वतः शिडी लावून वर चढले आणि या वयात त्यांना खाली उतरवायलाच अर्धा तास गेला. दुसऱ्या कुणी झाड खराब होईल म्हणून नाक मुरडलं असतं. टेलरबाईंनी त्या दिवशी काकांचं घाटातल्या ब्रेकफेलचं पुराण शेवटपर्यंत ऐकलं आणि मनापासून ऐकलं.

आता पुढची गंमत कळायला दोन गोष्टी सांगायला हव्यात. रेडिओ आणि बाहेरची तार यांच्यामध्ये एक पत्र्याची पेटी असते, ट्यूनर म्हणतात. तिला दोन बटणं आणि एक काटा. रेडिओतून निघालेली शक्ती तारेतून बाहेर जातेय की तारेने नाकारून परत पाठवलीय, हे तो काटा सांगतो. काटा खाली बसला की तार जुळली. आणि दुसरी गोष्ट अर्थिंग. नुसती वर तार टांगून भागत नाही, तिला खाली टेकायला काहीतरी लागतं. जुन्या घरी अंगणात तांब्याची कांब पुरलेली होती. इथे वर अंगण कुठलं? तेव्हा तारवाल्यांनी रेडिओवाल्यांची जुनी सवय पाळली. स्वयंपाकघरातला नळाचा लोखंडी पाइप खरवडून चकचकीत केला, त्याला पट्टी आवळली आणि अर्थिंगची तार तिथे जोडली. नळ काय, शेवटी जमिनीतूनच येतो.

सकाळी दोघं बसले. ट्यूनरची पेटी हलकी आणि मागची केबल जाड, ताठ, हट्टी. बटण फिरवायला जावं तर पेटीच टेबलावरून पळायची. म्हणून टेलरबाईंनी शेजारी स्टूल घेतलं आणि कापड कापताना दाबून धरतात तशी पेटीवर हात ठेवून ती दाबून धरली. तारवाल्यांनी शक्ती अगदी चिमूटभर ठेवली, बटणं फिरवली, आणि काटा हळूहळू उतरत खाली बसला. जुळलं! बाई हसल्या, हात काढला आणि चहा टाकायला आत गेल्या. परत येऊन पाहतात तर नवरा हताश. काटा वर चढलेला, आणि परत आलेली शक्ती कळीत उतरून मुंगी चावावी तशी बोटाला चावतेय.

तारवाल्यांनी जोड उकलून पुन्हा डाख दिला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. बाई पेटी धरून बसल्या, काटा खाली. बाई उठल्या, काटा वर. पण हे असं आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही, कारण काटा चढायचा तेव्हा तारवाल्यांचं डोकं कळीवर वाकलेलं असायचं आणि बाईंचं लक्ष गॅसवर. तारवाल्यांनी खिडकीतला जोड बदलला. मग केबल बदलली. मग झाडाकडचं टोक तपासायला ड्रायव्हरकाका पुन्हा शिडीवर. बटणं फिरवताना तारवाल्यांचे हात आताशा थरथरत, आजारपणानंतर तेवढं राहिलंच होतं. शुक्रवारी त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘तारेचा दोष नाही. माझ्या हातांत काही राहिलं नाही.’

ते वाचून टेलरबाईंना राग आला. नवऱ्याचा नाही, पाटीचाच. त्यांनी ओल्या फडक्याने अक्षरं पुसून टाकली आणि म्हणाल्या, उद्याची सकाळ अजून माझी आहे.

शनिवारी त्या अंघोळ करून पेटीवर हात ठेवून अशा बसल्या की आता काय वाट्टेल ते होवो, उठायचं नाही. काटा खाली आला. आणि नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. बाई धावल्या. तारवाले या वेळी कळीवर वाकले नव्हते, धीर खचलेल्या माणसासारखे नुसते काट्याकडे बघत बसले होते. त्यांनी पाहिलं, बायको उठली आणि काटा टुणकन वर गेला. बाई दुधाचं भांडं उतरवून परत येऊन बसल्या, हात ठेवला, काटा खाली.

तारवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. मग बोटाने खूण केली, ऊठ. बाई उठल्या. बस. बसल्या. ऊठ. दार गाठ. ये. हात ठेव. काढ. अहो, हे काय चाललंय, असं बाई विचारेपर्यंत नवऱ्याचे खांदे गदगदा हलायला लागले होते. बाई घाबरल्या, श्वास अडकला की काय म्हणून पाठीवर हात फिरवायला लागल्या. तर तो माणूस हसत होता. आवाज नाही, नुसतं अंग हलतंय, डोळ्यांतून पाणी. आणि हसत हसतच त्याने पाटीवर लिहिलं, ‘अर्थिंग तू आहेस.’

बाईंना आधी काही कळेना. मग तारवाल्यांनी नळाकडे धाव घेतली, पट्टी सोडली, पाइप भिंतीत शिरतो तिथला गिलावा स्क्रू-ड्रायव्हरने जरासा टोकरला. तेवढ्यात ती ठोकाठोक ऐकून ड्रायव्हरकाका वर आले आणि दारातूनच गरजले की भिंत कशाला फोडताय, गळती आहे का? असेल तर नवल आहे, कारण या इमारतीचे जुने लोखंडी पाइप कधीच काढून टाकलेत. भिंतीत सगळं प्लास्टिक आहे. दिसतो तेवढा वीतभर तुकडा जुना, तो नळ बसवायला ठेवलेला. हे त्यांनी आधीच सांगितलं असतं, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांच्या बोलण्यात घाटाखेरीज दुसरं काही येत नसे.

म्हणजे तारवाले एवढी मेहनत करून जमिनीशी जोडली म्हणून समजत होते ती तार नुसती प्लास्टिकच्या नळीला टेकलेली होती. वरच्या तारेला टेकायला घरात काहीच नव्हतं, म्हणून ती सापडेल त्याला टेकली, आणि टेबलाशी जो जाडजूड, ओल्या हातांचा, जमिनीवर पाय टेकून बसलेला जीव होता तो म्हणजे टेलरबाई. त्या बसल्या की रेडिओ सुरळीत, उठल्या की बेताल. जाडजूड हा शब्द पाटीवर वाचून बाईंनी नवऱ्याला कोपर मारलं.

उपाय तारवाल्यांना माहीत होता. तो पाठच होता, फक्त नळावर भरवसा ठेवल्याने कधी आठवायची वेळ आली नव्हती. जमीन नसेल तर जमिनीच्या जागी आणखी एक तार पसरायची, घरातच, पायाखाली, रेडिओच्या लहरीच्या पाव लांबीची. त्यांनी लांबी लिहून दिली आणि टेलरबाईंनी गळ्यातली टेप काढली. कामाचं पुढचं सगळं त्यांच्याकडे गेलं. शिलाईत दाबायला ठेवतात तशी थोडी जास्तीची ठेवून त्यांनी तार कापली, काट्याकडे बघत जरा जरा छाटत आणली. भिंतीच्या कडेने नेली, दारापाशी अडखळायला होईल म्हणून गालिच्याच्या किनारीला टाके घालून बसवली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. दुपारभर गुडघ्यांवर रांगत होत्या. गुडघे बोलत होते, पण बाईंना इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मनात त्या एकेकाचे आभार मानत होत्या. डॉक्टरीणबाईंचे, झाडाचे, शिडीवर चढणाऱ्या काकांचे, एवढंच काय, उतू गेलेल्या दुधाचेही.

मग परीक्षा. काटा खाली बसला. तारवाल्यांनी खूण केली, जा. बाई स्वयंपाकघरात गेल्या, तिथून बाहेरच्या दारापर्यंत गेल्या, जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. काटा हलला नाही. कळ चावली नाही. बाई परत येऊन फणकारल्या, “म्हणजे झालं काम. गरज सरो नि वैद्य मरो.”

तारवाल्यांनी लिहिलं, ‘मरायच्या आधी वैद्याने चहा टाकावा.’

ऑपरेशन झाल्यापासूनची ही पहिली थट्टा. बाईंनी ती पुसली नाही. संध्याकाळपर्यंत पाटी तशीच ठेवली, आणि तारवाल्यांना काही सांगायचं झालं तेव्हा त्यांना वर्तमानपत्राच्या कडेला लिहावं लागलं.

पण रविवारचे सर यायचेच होते. बाईंनी फोनला हात लावला तर तारवाल्यांनी अडवलं. काटा खाली बसला म्हणजे फक्त तार जुळली. इतके महिने गैरहजर राहिलेल्या माणसाची कट्ट्यावर कुणी वाट बघत असेल का? आणि हात असे थरथरणारे. समोरच्याला काही उमजलंच नाही तर? त्यांनी वर्तमानपत्रावर लिहिलं, ‘उद्या सकाळी कुणी उत्तर दिलं तर ठेवू. नाही तर जाऊ दे.’ बाईंनी फोन जागेवर ठेवला. ते उत्तर त्यांच्या हातात नव्हतं.

रविवारी सकाळी कट्ट्याची वेळ झाली. तारवाले इस्त्रीचा शर्ट घालून बसले, जणू कुणाच्या घरी जायचंय. बाई मशीनपाशी बसल्या, हातात सुई, सुईत दोरा नाही. रेडिओत नुसती खरखर. कुणी नव्हतं, किंवा होते ते गप्प होते. या लोकांची एक रीत आहे, बोलण्याआधी विचारायचं की इथे कुणी आहे का, जागा मोकळी आहे का. स्वतःची ओळख त्यानंतर सांगायची. तारवाल्यांनी बोटं कळीवर ठेवली. ती थरथरली. त्यांनी हात काढला, मांडीवर पुसला, पुन्हा ठेवला आणि तो छोटासा प्रश्न पाठवला. फक्त तेवढाच. कट्ट कडकट्ट, वाकडातिकडा, मध्येच अडखळलेला.

खरखर तशीच राहिली. तारवाल्यांची मान खाली गेली.

आणि मग खरखरीच्या तळातून एक बारीक शिट्टी आली. लांब, आखूड, लांब. बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, जन्मात कधी कळलं नाही. त्यांना फक्त नवऱ्याचा चेहरा दिसत होता. तो आधी पांढरा पडला, मग ओठ दाबले गेले. शिट्टी चालूच होती, भराभर, उत्साहाने, दम न घेता. तारवाल्यांनी न बघता डावा हात पाटीकडे नेला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून पाटी बायकोकडे सरकवली.

‘कप्तान. मी नाव सांगितलंच नव्हतं. म्हणतो, आवाज ओळखला तुझा.’

टेलरबाईंनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, कारण अडवण्यासारखं त्यात काही नव्हतं. समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या त्या माणसाचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं. ज्याने स्वतःलाच मुका म्हणून सोडून दिलं होतं, त्याच्या थरथरत्या बोटांच्या चार ठोक्यांच्या ढबीवरून कप्तानाने आवाज ओळखला होता. मागे पितळी कळ वाजायला लागली. आधी अडखळत, मग भरभर, इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं.

दाराची घंटा वाजली. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि दार उघडलं. प्रयोगशाळेचे सर होते, हातात भलामोठा रिकामा खोका, तोंडभर हसू, आभार मानायच्या तयारीत. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“आत या, पण जरा हळू,” त्या म्हणाल्या. “हे बोलतायत.”